नव्या तबकड्यांचा शोध



नवें पुस्तक हातीं घेतलें म्हणजे त्याचीं चार पानें चाळतां येतात, प्रस्तावनेवर नजर टाकतां येते, आणि मग तें विकत घ्यावें कीं न घ्यावें हें ठरवितां येतें. चित्राकडे तर दुरूनहि पाहतां येतें. गाण्याच्या तबकडीची गोष्ट मात्र निराळी आहे. सुईखालीं फिरूं लागेपर्यंत ती मुकी असते. वेष्टनावरचें चित्र कितीहि सुबक असो, त्यावरून आंतला आवाज कळत नाहीं. आणि ज्या गायकाचें नांवच कधीं कानांवर पडलेलें नाहीं, त्याची तबकडी दुकानदाराकडे मागावी तरी कशी? हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील तरुण मंडळींना तो पडला, आणि त्याचें उत्तर म्हणून तेथें एक मोठी विलक्षण व्यवस्था उभी राहिली. तिचाच इतिहास आज आपणांपुढें मांडावा असा माझा विचार आहे. 'रॉक' या नांवानें ओळखलें जाणारें गिटार-ढोलांचें संगीत, आणि त्याला पुढें फुटलेली 'इंडी' म्हणजे स्वतंत्र बाण्याची शाखा, हा या इतिहासाचा विषय. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलानातवंडांच्या खोलींतून हें संगीत ऐकूं येत असेल. त्यांना दार लावून घ्यावयास सांगण्यापूर्वीं, तें तेथवर आलें कसें एवढें तरी आपण समजून घेऊं.

प्रथम एका चमत्कारिक नियमाची माहिती दिली पाहिजे, कारण पुढचें सारें रामायण त्यांतूनच घडलें. ब्रिटनमध्यें नभोवाणी चालविण्याचा अधिकार सुमारें पन्नास वर्षें बी.बी.सी. या एकाच संस्थेकडे होता. तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांना धास्ती अशी, कीं नभोवाणीवर गाणें फुकट ऐकावयास मिळालें तर तबकडी विकत कोण घेईल? वादकांच्या संघाला धास्ती अशी, कीं यंत्रावरच गाणें वाजूं लागलें तर हाडामांसाच्या वादकाला काम कोण देईल? १९३४ सालीं ई.एम.आय. व डेक्का या दोन बड्या कंपन्यांनीं तबकड्यांच्या ध्वनिक्षेपणाचे हक्क सांभाळण्याकरितां एक संस्था काढली, आणि या दोन्ही बाजूंच्या आग्रहामुळें बी.बी.सी.ला ठराविक तासांहून अधिक वेळ तबकड्या लावतां येईनाशा झाल्या. या मोजून दिलेल्या वेळेला 'नीडल टाइम' म्हणजे सुईचा वेळ असें नांव होतें. रेशनच्या साखरेप्रमाणें तो पुरवून पुरवून वापरावा लागे. हें बंधन पुरतें उठलें तें १९८८ सालीं.

तरुणांची भूक मोठी आणि शिधा थोडा, तेव्हां चोरवाटा निघावयाच्याच. १९६४ च्या ईस्टरच्या सणांत 'रेडिओ कॅरोलाइन' हें केंद्र समुद्रांत, सरकारी हद्दीच्या बाहेर नांगरलेल्या जहाजावरून बोलूं लागलें. त्याच वर्षाच्या अखेरीस 'गॅलक्सी' नांवाच्या दुसऱ्या जहाजावर 'रेडिओ लंडन' सुरू झालें. हें जहाज पूर्वीं अमेरिकन आरमारांत सुरुंग काढण्याच्या कामावर होतें. अशा केंद्रांना लोक चांचे म्हणत. ते दिवसभर तबकड्या वाजवीत, पण बहुधा त्याच त्या, म्हणजे आधींच खपत असलेल्या. नवें कांहीं ऐकावयाचें असेल तर मध्यरात्रीपर्यंत जागावें लागे.

मध्यरात्रीं रेडिओ लंडनवर १९६७ मध्यें जो आवाज ऐकूं येऊं लागला, तो जॉन पील या गृहस्थाचा. त्याचें खरें आडनांव रेव्हन्सक्रॉफ्ट. लिव्हरपूलजवळच्या हेसवॉल गांवीं १९३९ सालीं तो जन्मला. वडील कापसाचे व्यापारी. १९६० मध्यें तो अमेरिकेस गेला, तेथें निरनिराळ्या नोकऱ्या करतां करतां नभोवाणींत शिरला, आणि सात वर्षांनीं परत आला तो सामानांत पुष्कळशा अमेरिकन तबकड्या घेऊनच. बारा ते दोन या वेळेंत जहाजाचे मालक कांहीं ऐकत बसत नव्हते. त्यामुळें काय वाजवावें याचा हुकूम कोणी देत नव्हतें. दिवसा तीन मिनिटांच्या लहान तबकड्यांचें राज्य. पील रात्रीं लाँग-प्लेच्या तबकडीची अख्खी बाजू लावून देई. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. लाँग-प्ले, ज्याला आतां सर्रास 'अल्बम' म्हणतात, ती अमेरिकेंत १९४८ मध्येंच निघाली होती. परंतु ती एक सलग कृति म्हणून, कादंबरी वाचावी तशी, आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावी, ही संवय रॉक ऐकणाऱ्यांना साधारण याच सुमारास लागूं लागली.

१५ ऑगस्ट १९६७ रोजीं नवा कायदा अंमलांत आला आणि बहुतेक चांच्यांचा बाजार उठला. आपल्या मनांत त्या तारखेची आठवण निराळी आहे; समुद्रावरच्या त्या स्वातंत्र्याचा मात्र त्या तारखेला अंत झाला. दीड महिन्यानें, ३० सप्टेंबरला, बी.बी.सी.नें तरुणांकरितां 'रेडिओ वन' ही शाखा उघडली, आणि बेकार झालेल्या चांच्यांपैकींच अनेकांना नोकरीस ठेविलें! सरकारमान्य संस्थांना असें शहाणपण क्वचित् सुचतें. पील दुसऱ्याच दिवशीं 'टॉप गिअर' या कार्यक्रमांत दाखल झाला.

सुईचा वेळ या नव्या शाखेलाहि मोजूनच मिळालेला होता. मग उरलेले तास भरावयाचे कसे? उपाय एकच. वादकांना बोलवावयाचें, बिदागी द्यावयाची, आणि त्यांचें गाणें आपल्या ध्वनिमुद्रणगृहांत मुद्रित करून तें ध्वनिक्षेपित करावयाचें. या बैठकींना पुढें 'पील सेशन्स' म्हणून नांव पडलें. त्यांतील पुष्कळ लंडनच्या मेडा व्हेल भागांतील एका लांबट इमारतींत झाल्या. ही इमारत १९०९ मध्यें चाकांच्या बुटांवर घसरण्याच्या खेळासाठीं बांधलेली, आणि १९३४ पासून ती बी.बी.सी.च्या ताब्यांत आलेली. संच दुपारीं यावयाचा; येथें संच म्हणजे चारपांच तरुणांची टोळी, गिटार, ढोल व ध्वनिवर्धक यांसह. रात्रीपर्यंत चार गाणीं मुद्रित करून त्यानें घरीं जावयाचें. घोटून घोटून गुळगुळीत करावयास वेळच नसे. त्यामुळें या मुद्रणांत एक कच्ची, ताजी धार राहून जाई, आणि ती पुष्कळ श्रोत्यांना कंपनीच्या तबकडीहून अधिक आवडे.

या बैठकींचें खरें महत्त्व आणखी वेगळें आहे. एरव्हीं संगीत नभोवाणीवर यावयाचें तर आधीं तबकडी हवी, आणि तबकडी निघावयाची तर कंपनीच्या साहेबाची मर्जी हवी. येथें ज्याची एकहि तबकडी नाहीं असा संचहि एका रात्रींत साऱ्या देशाच्या कानांवर पडूं लागला. नियम करणाऱ्यांना वादकांची रोजी राखावयाची होती. अज्ञात संगीताला आपण दार उघडून देत आहों, हें त्यांच्या स्वप्नांतहि नव्हतें. १९६७ ते २००४ या अवधींत पीलच्या कार्यक्रमांकरितां चार हजारांहून अधिक बैठकी झाल्या, आणि त्यांत भाग घेणारे गायक व संच दोन हजारांच्या घरांत जातात. मँचेस्टरचा 'द फॉल' हा एकच संच चोवीस वेळां येऊन गेला.

यांतील एका बैठकीशीं आपल्या सह्याद्रीचा संबंध आहे. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला फारोख बलसारा नांवाचा एक पारशी मुलगा. त्याचें कुटुंब झांजिबारहून १९६४ मध्यें इंग्लंडांत गेलें. तेथें तो 'फ्रेडी मर्क्युरी' झाला. त्याच्या 'क्वीन' या संचानें फेब्रुवारी १९७३ मध्यें बी.बी.सी.साठीं पहिली बैठक केली आणि ती त्याच महिन्यांत पीलच्या कार्यक्रमांतून ऐकविली गेली. संचाचा पहिला अल्बम दुकानांत आला तो जुलैमध्यें. म्हणजे पांचगणीच्या त्या विद्यार्थ्याचा आवाज इंग्रजांच्या घराघरांत पोंचला, तो तबकडीच्या पांच महिने आधीं. पुढें जगभर कीर्ति पावलेल्या माणसाची ही पहिली पायरी फारशी कोणाच्या लक्षांत नसते.

आतां १९७६ सालाकडे येऊं, कारण या इतिहासाचें बिऱ्हाड त्या सालीं बदललें. तोंवर पीलचा श्रोतृवर्ग म्हणजे वीसवीस मिनिटांचीं गंभीर गाणीं डोळे मिटून ऐकणारा. त्या वर्षीं न्यूयॉर्कच्या 'रामोन्स' या संचाचा पहिला अल्बम आला: गाणीं चौदा, आणि सर्वांचा मिळून वेळ अर्ध्या तासाहूनहि कमी. पीलनें तो मोठ्या उत्साहानें वाजविला. जुन्या श्रोत्यांचीं संतप्त पत्रें आलीं. हा दंगा बंद करा, असें त्यांचें म्हणणें. सामान्य निवेदक अशा वेळीं नमतें घेतो. पीलनें पत्रें वाचलीं आणि दुसऱ्या दिवशीं आणखी तसल्याच तबकड्या लावल्या. याचा परिणाम मोजावयास एक साधन उपलब्ध आहे. १९७६ च्या नाताळापासून त्यानें श्रोत्यांच्या मतांवरून पन्नास गाण्यांची यादी जाहीर करण्यास आरंभ केला. त्या पहिल्या यादींत अग्रस्थानीं 'लेड झेपेलिन'चें, पांच वर्षांपूर्वींचें, आठ मिनिटांचें गाणें होतें. श्रोत्यांनीं १९७८ मध्यें निवडलेल्या यादींत तें स्थान 'सेक्स पिस्टल्स' या बंडखोर संचाकडे गेलें. दोन वर्षांत सारा वर्गच बदलला होता. शिक्षकाच्या पेशांत मीं हयात घालविली आहे. वर्ग उठून गेला तरी चालेल पण धडा बदलणार नाहीं, ही हिंमत मला स्वतःला कधींच झाली नसती. कांहीं जुन्या श्रोत्यांवर यांत अन्याय झाला हेंहि मी नाकारीत नाहीं.

परंतु नभोवाणीवर ऐकलेली तबकडी मिळावयाची कोठें? या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच माणसांनीं दिलें.

मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या संचानें २८ डिसेंबर १९७६ रोजीं चार गाणीं मुद्रित केलीं. त्यासाठीं लागणारे सुमारें पांचशे पौंड त्यांनीं घरच्यांकडून व स्नेह्यांकडून उसने घेतले होते. कोणत्याहि कंपनीकडे न जातां, 'न्यू हॉर्मोन्स' असें स्वतःचेंच एक नांव घेऊन, जानेवारीच्या अखेरीस त्यांनीं एक हजार प्रती बाजारांत आणल्या. त्या हातोहात खपल्या, आणि मग आणखी काढाव्या लागल्या. सोळा हजारांपर्यंत खप गेला असें सांगतात. तबकडी काढणें हें कारखानदारांचेंच काम आहे, हा समज येथें फुटला. पुढच्या वर्षीं 'स्क्रिटी पॉलिटी' नांवाच्या लंडनच्या संचानें आणखी एक पाऊल टाकलें. आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर त्यांनीं ती काढण्याचा सारा जमाखर्चच छापला: मुद्रणाला इतके, दाबून घेण्याला इतके, कागदाला इतके. मला या साऱ्या चळवळींत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. गुपित म्हणून ठेवलेली विद्या त्यांनीं बाजाराच्या भिंतीवर लिहून टाकली. ती वाचून किती पोरांनीं उसनवारी केली असेल, देव जाणे!

तबकडी निघाली, तरी ती दुकानांत पोंचविणें राहिलेंच. बड्या कंपन्यांच्या पदरीं स्वतःचे कारखाने, गाड्या आणि विक्रेते. या पोरांच्या पदरीं फार तर एक खोकें. येथें 'रफ ट्रेड' या दुकानाचें नांव घेतलें पाहिजे. जेफ ट्रॅव्हिस या तरुणानें तें फेब्रुवारी १९७६ मध्यें पश्चिम लंडनच्या केन्सिंग्टन पार्क रोडवर उघडलें. अमेरिकेच्या प्रवासांत त्यानें स्वस्तांतल्या जुन्या तबकड्या गोळा केल्या होत्या, आणि सॅन फ्रान्सिस्कोचें 'सिटी लाइट्स' हें पुस्तकांचें दुकान त्याच्या मनांत भरलें होतें. तेथें गिऱ्हाईक तासन् तास वाचीत बसलें तरी त्याला कोणी उठवीत नसे. तसेंच हें तबकड्यांचें दुकान व्हावें अशी त्याची इच्छा. गिऱ्हाइकानें यावें, बसावें, ऐकावें, वाद घालावा. मी आरंभीं ज्या मुक्या तबकडीचा उल्लेख केला, तिला येथें वाचा फुटत असे.

नवे संच आपलीं खोकीं घेऊन याच दुकानाच्या दारीं येऊं लागले. दुकानानें तीं ठेवून घेतलीं, टपालानें बाहेरगांवीं धाडलीं, आणि गांवोगांवच्या तशाच दुकानांशीं संधान बांधलें. यॉर्कचें रेड ऱ्हायनो, लिव्हरपूलचें प्रोब, ब्रिस्टलचें रिव्हॉल्व्हर, नॉरिचचें बॅक्स, एडिंबरोचें फास्ट, लेमिंग्टनचें नाइन माइल आणि लंडनचें रफ ट्रेड, अशीं सात मिळून १९८० नंतर एक वितरणसंघ झाला. त्याला विनोदानें 'द कार्टेल' म्हणत. आतां रात्रीं दहानंतर पीलनें एखाद्या अज्ञात संचाची तबकडी लावावी, ती कोठें मिळेल तो पत्ता वाचून दाखवावा, उशापाशीं कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या पोरानें तो उतरून घ्यावा, आणि सकाळीं शाळा बुडवून आपल्या गांवच्या दुकानांत हजर व्हावें, अशी ही साखळी जुळली.

जानेवारी १९८० पासून स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची निराळी यादी छापून येऊं लागली. यादींत घेण्याचा निकष संगीताच्या स्वरूपाचा नव्हता. तबकडीचें वितरण बड्या कंपन्यांच्या हातून झालेलें नसावें, एवढाच होता. 'इंडी' या शब्दाचा मूळ अर्थ हा असा व्यापारी आहे. आज तो शब्द एका विशिष्ट धाटणीच्या, जराशा लाजऱ्या गिटारच्या सुरावटीला लावतात, तें पुढच्या काळचें रूपांतर. तत्पूर्वींच, १९७९ मध्यें, बेलफास्टच्या 'स्टिफ लिटल फिंगर्स' या संचाचा रफ ट्रेडनें काढलेला अल्बम एक लाखाहून अधिक खपला होता. पोरखेळ म्हणून हांसणाऱ्या कंपन्यांचे डोळे तेव्हां उघडले.

उत्तर आयर्लंडांतूनच आणखी एक कथा येते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढें जाणें बरें नव्हे. डेरी या शहरांत तेव्हां रोजच्या रोज गोळीबार आणि झडत्या. तेथल्या पांच पोरांच्या 'अंडरटोन्स' या संचाची चार गाण्यांची तबकडी बेलफास्टच्या एका दुकानदारानें 'गुड व्हायब्रेशन्स' या नांवाखालीं काढली. तिची एक प्रत पीलकडे गेली. २५ सप्टेंबर १९७८ च्या रात्रीं त्यानें त्यांतलें 'टीनेज किक्स' हें गाणें लावलें, तें संपलें, आणि त्यानें लगेच तेंच पुन्हां लावलें. अडीच मिनिटांचें गाणें आणि दोन वेळां! त्या सुमारास लंडनमध्यें असलेल्या एका अमेरिकन कंपनीच्या मालकानें तें ऐकलें, माणूस डेरीला धाडला, आणि १९७९ मध्यें त्या पोरांचा पहिला अल्बम त्या कंपनीकडून निघाला. स्वतंत्र दुकानदारानें शोधलेलें रत्न असें बड्यांच्या पेटींत गेलें. या व्यवस्थेंतलें हें कायमचें दुखणें होतें: शोधाचे श्रम एकाचे, आणि पीक दुसऱ्याच्या घरीं.

मात्र सर्वच वेळां असें झालें नाहीं. 'द स्मिथ्स' हा मँचेस्टरचा संच रफ ट्रेडकडेच राहिला. त्यांच्या पहिल्या अल्बमपेक्षां बी.बी.सी.साठीं केलेलीं मुद्रणें सरस आहेत असें श्रोते म्हणूं लागले, तेव्हां नोव्हेंबर १९८४ मध्यें मुख्यतः तींच मुद्रणें घेऊन निराळा अल्बम काढण्यांत आला. सुईच्या वेळेचा तुटवडा भरून काढण्यासाठीं केलेली तात्पुरती सोय स्वतःच तबकडी होऊन दुकानांत येऊन बसली.

पील कांहीं देवमाणूस नव्हता. त्याचे हात गोंधळलेले असत. लाँग-प्ले मिनिटाला तेहतीस फेरे घेते आणि लहान तबकडी पंचेचाळीस. तो हटकून उलटा वेग लावून बसे, आणि चार ओळी झाल्यावर हें जरा विचित्र वाटतें असें सांगून क्षमा मागे. कधीं कधीं तर संगीतच इतकें अनोळखी असे, कीं वेग चुकला आहे हें श्रोत्यांनाहि कळत नसे. बी.बी.सी.च्या परदेशी सेवेवरून त्याचा एक साप्ताहिक कार्यक्रम अनेक वर्षें होत असे, आणि नोकरीच्या आरंभींच्या काळांत शॉर्टवेव्हवर मीहि तो कधीं कधीं ऐकला आहे. लाटांबरोबर आवाज मोठा होई, बुडे, पुन्हां वर येई. भजनी तालावर आणि नाट्यसंगीतावर वाढलेल्या माझ्या कानांना त्यांतलें अर्धेंअधिक रुचलें नाहीं, हें मोकळेपणानें सांगतों. पण पुढचें गाणें काय निघेल याची उत्सुकता मात्र ओसरत नसे. 'हें मला नीटसें समजलेलें नाहीं, पण ऐकून तर पाहा,' अशा भावानें बोलणारा दुसरा निवेदक माझ्या ऐकण्यांत आला नाहीं.

वितरणाची साखळी १९९१ मध्यें तुटली. रफ ट्रेडची वितरणसंस्था फार झपाट्यानें वाढली, हिशेब हाताबाहेर गेले, आणि ती बुडाली तेव्हां अनेक लहान लहान तबकडीवाल्यांचे पैसे तिच्याबरोबर बुडाले. ज्यांनीं वेष्टनावर जमाखर्च छापण्याचा धडा घालून दिला, त्यांच्याच पंथांतली ही घटना! मूळ दुकान त्या आधींच निराळें होऊन कामगारांच्या मालकीचें झालें होतें, म्हणून तें तरलें. टॅलबट रोडवर हलविलेल्या त्या दुकानांतून 'विजा' नांवाची एक छोटी तबकडीसंस्था निघाली होती. हें नांव म्हणजे दुकानाच्या टपाली खुणेचींच अक्षरें व आंकडे, एका दमांत वाचलेले.

या 'विजा'च्या तबकड्यांतूनच १९९७ मध्यें एक गाणें आलें. गाणारा संच 'कॉर्नरशॉप'. त्याचा म्होरक्या तजिंदर सिंग हा इंग्लंडांत वाढलेला पंजाबी वंशाचा तरुण. इंग्रजी कोपऱ्यावरचें वाणसामानाचें दुकान म्हणजे हिंदी माणूस, या तिकडच्या टिंगलीलाच त्यांनीं आपलें नांव करून टाकलें. 'ब्रिमफुल ऑफ आशा' या त्या गाण्यांतील आशा म्हणजे मास्टर दीनानाथांच्या कन्या, आपल्या सांगलीच्या आशाबाई भोसले. पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी आणि तिच्यावरचा सिनेमांतल्या पार्श्वगायिकेचा आवाज, हाच त्या गाण्याचा विषय. त्या वर्षअखेरीस पीलच्या श्रोत्यांनीं मतें दिलीं, आणि त्यांच्या यादींत तें पहिलें आलें. पुढें १९९८ च्या फेब्रुवारींत दुसऱ्यानें वेग वाढवून केलेली त्याची आवृत्ति साऱ्या ब्रिटनच्या खपांत पहिली आली, हें खरें; पण रात्रीं जागणाऱ्या मंडळींनीं तें आधींच निवडलें होतें. सांगलीचें नांवहि न ऐकलेल्या हजारों इंग्रज पोरांनीं आशाबाईंच्या नांवाला असा कौल द्यावा, याला मी तरी या व्यवस्थेचें मोठें यश मानतों. कोणत्याहि कंपनीच्या साहेबानें अशा गाण्यावर पैसा लावला नसता.

२५ ऑक्टोबर २००४ रोजीं पेरू देशांतील कुझ्को येथें प्रवासांत असतांना पीलचा अंत झाला. सफोक परगण्यांतील त्याच्या घरीं सुमारें सव्वीस हजार लाँग-प्ले आणि चाळीस हजार लहान तबकड्या होत्या, आणि न ऐकलेल्या नव्या तबकड्यांचें टपाल तेथें येतच होतें.

आज तबकडीची वाट पाहावी लागत नाहीं. बँडकँपवर कोणत्याहि गांवचा संच आपला अल्बम स्वतः विकूं शकतो. सात गांवांच्या दुकानदारांनीं मिळून जें केलें, तें तेथें एका बोटाच्या कामांत होतें. ही सोय लहान नव्हे, आणि जुन्याच्या प्रेमापोटीं तिला नांवें ठेवणारांतला मी नाहीं. शोधण्याचें कामहि यंत्रानें हातीं घेतलें आहे. स्पॉटिफाय या सेवेनें २०१५ पासून दर सोमवारीं प्रत्येक श्रोत्याला तीस गाण्यांची निराळी यादी देण्यास सुरुवात केली. आपण काय ऐकलें आणि आपल्यासारखी आवड असलेल्या इतरांनीं काय ऐकलें, हें ताडून ती बनते. यंत्र चुकत नाहीं असें नाहीं. पण त्याची चूकहि आपल्या आवडीच्या आसपासच घुटमळते. १९७६ मध्यें हें यंत्र असतें, तर वीस मिनिटांचीं गाणीं ऐकणाऱ्याला त्यानें आणखी वीस मिनिटांचीं गाणीं दिलीं असतीं. संतप्त पत्र लिहिण्याची पाळी कोणावर आली नसती, आणि रामोन्स त्याच्या घरीं पोंचले नसते.

राहतां राहिला प्रश्न त्या जुन्या बैठकींचा. फीत महाग म्हणून बी.बी.सी.मध्यें आरंभींच्या काळांत एकदां वापरलेल्या फितीवर दुसरें कांहीं मुद्रित करण्याची रीत होती, आणि त्यांत पीलच्याहि कित्येक बैठकी पुसल्या गेल्या. त्यांतल्या ज्या पुन्हां हातीं लागल्या, त्यांपैकीं कांहीं घरोघरच्या श्रोत्यांकडून आल्या. रात्रीं रेडिओपुढें यंत्र ठेवून त्यांनीं त्या आपल्यापुरत्या उतरून घेतल्या होत्या. पुढें कॅसेटच्या काळांत तर अशा हजारों फिती इंग्लंडांतल्या माळ्यांवर सांठल्या. अलीकडे त्या खालीं काढून, झटकून, एकमेकांशीं ताडून, कोणत्या रात्रीं काय वाजलें याची जंत्री हौशी मंडळींनीं सिद्ध केली आहे. त्या फितींवर गाण्याच्या मधेंच खटका ऐकूं येतो, तो बाजू संपल्याचा. आणि क्वचित् शेजारच्या खोलींतून, आवाज कमी कर, असें सांगणारी आईहि.